साक्षरता वर्ग सुरू करताय? आधी यादीत नसलेल्यांची यादी करा

पहिल्या वर्षी मी चौदा बायकांचा वर्ग घेतला. मारुतीच्या देवळात, दुपारी तीन ते चार. फोटो छान आले, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी शाबासकी दिली. दिवाळीनंतर वही काढून बसले तेव्हा कळलं, की चौदापैकी नऊ जणी तिसरी-चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या होत्या. त्यांना महिनाभराची उजळणी पुरली असती. ज्यांना अक्षराची ओळखच नव्हती त्या दुपारी तीनला कुणाच्या तरी रानात खुरपत होत्या. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या तर गावातच नव्हत्या.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची सचिव आहे. शिक्षण बारावी. नंतरच्या दोन वर्षांत त्या पहिल्या वर्गाच्या चुका एकेक करून निस्तरल्या. तुम्ही गावात, वस्तीवर किंवा आपल्याच घरात आईला-सासूला शिकवायचं मनावर घेतलं असेल तर हे वाचा, तुमचं एक वर्ष वाचेल.

आधी योजना काय आहे ते थोडक्यात. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आहे. त्यालाच 'उल्लास' म्हणतात. खर्चाची तरतूद १,०३७.९० कोटी रुपये आणि उद्दिष्ट पाच कोटी लोकांना साक्षर करायचं. वय १५ च्या पुढं कितीही चालतं, ऐंशीची आजीसुद्धा. शिकणाऱ्याला एक रुपया द्यावा लागत नाही आणि शिकवणाऱ्याला एक रुपया मिळत नाही. हे दुसरं वाक्य घरी आधीच सांगून ठेवा. साक्षर भारत योजनेत (२००९ ते २०१८) गावातलं शिक्षण केंद्र चालवणाऱ्या प्रेरकांना महिना २,००० रुपये मानधन होतं, ते लोकांच्या लक्षात आहे. "तुला किती सुटतात गं?" हा प्रश्न मला अजून येतो.

राज्यात हे काम पुण्याचं शिक्षण संचालनालय (योजना) बघतं, पण तुमचा संबंध येणार तो गावच्या शाळेशी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती, बायकांची ७५.८७. म्हणजे चारातल्या एका बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती तुमच्या गावात नक्की कोणत्या घरात आहे, इथून सुरुवात करायची.

१. शाळेतली यादी बघा, मग ती अपुरी आहे असं धरून चाला

मुख्याध्यापकांकडं जा आणि गावातल्या निरक्षरांची यादी मागा. नम्रपणे. गुरुजींच्या डोक्यावर आधीच दहा सर्व्हे आहेत, त्यांच्याशी भांडून काही साधत नाही. यादी हातात आली की बघा कोण सुटलंय. सर्व्हेच्या दिवशी घराला कुलूप असेल तर ते घर सुटतं. आमच्या यादीत नसलेले लोक असे होते:

- ऊसतोडीला जाणारी जोडपी
- तांड्यावरच्या बायका (तांडा गावापासून अडीच किलोमीटर, शाळेच्या हद्दीचा वाद)
- वीटभट्टीवरची बाहेरगावची कुटुंबं आणि एक सालगडी व त्याची बायको
- नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, कारण माहेरच्या यादीतून नाव गेलं आणि सासरच्या यादीत आलं नाही
- तीस ते पन्नास वयाचे पुरुष, जवळजवळ सगळे

पुरुषांचं कारण लाज. बाई म्हणते "मला नाही येत बाई", पुरुष म्हणतो "चष्मा घरी राहिला."

खरी यादी कुठं मिळते सांगते. बचत गटाचं हजेरी रजिस्टर उघडा आणि अंगठे मोजा. रोजगार हमीचं जुनं मस्टर बघायला मिळालं तर तेही. (रेशन दुकानाचा उपयोग नाही. तिथं यंत्रावर आता गुरुजींनाही अंगठाच लावावा लागतो.)

आणि कुणालाही चारचौघांत "वाचता येतं का?" असं विचारू नका. सुनेसमोर सासू "येतं की थोडंफार" असंच म्हणणार. मी पिशवीत एक लग्नपत्रिका ठेवते. बसल्या बसल्या काढते आणि म्हणते, "काकू, बघा बरं तारीख कोणती आहे, मला उन्हातून आल्यावर दिसंना." काकूंनी पत्रिका उलटी धरली की मला उत्तर मिळालं, आणि काकूंचा मानही राहिला.

२. कागद

फार लागत नाहीत. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, प्रवर्ग, दिव्यांगत्व असेल तर तसं, मोबाइल नंबर आणि ओळखीचा एखादा पुरावा: आधार कार्ड, मतदान कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, जे असेल ते. एक ओळखपत्राच्या आकाराचा फोटो परीक्षेसाठी आधीच काढून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर हसून सांगा, की शाळा धरलीच नाही तर सोडणार कशी.

एकच सापळा आहे: नाव. आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं, मतदान कार्डावर तिसरंच काहीतरी. प्रमाणपत्रावर जे नाव यावं असं वाटतं, तेच नोंदणीला लिहा आणि तो कागद परीक्षेच्या दिवशी बरोबर ठेवा.

३. ॲपवर नोंदणी, आणि नोंदणीनंतरची जोडणी

'उल्लास' ॲप २०२३ मध्ये आलं. स्वयंसेवक म्हणून तुमची नोंदणी त्यावर करा. शिकणाऱ्यांची नोंदणी शाळेचे सर्व्हे करणारे शिक्षक करतात, ज्याला जमतं तो स्वतःही करू शकतो. शिकणाऱ्याकडं स्मार्टफोन असलाच पाहिजे असं अजिबात नाही. कुणी "फोन नाही तर नाव घेता येत नाही" म्हणालं तर तिथंच थांबा आणि मुख्याध्यापकांना विचारा. सगळ्यात गरीब बाई या एका वाक्यावर दारातून परत जाते.

नोंदणी झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. शिकणाऱ्याचं नाव तुमच्या नावाशी ॲपमध्ये जोडावं लागतं. माझ्या पहिल्या वर्षी पाच जणींची नोंदणी होती, पण जोडणी राहून गेली. वर्ग चालू, पाट्या भरतायत आणि ॲपच्या हिशोबी त्या पाच जणी कुणाकडंच शिकत नव्हत्या. परीक्षा जवळ आल्यावर धावपळ झाली. म्हणून जोडणी झाल्यावर गुरुजींच्या मोबाइलवर आपल्या डोळ्यांनी नावं बघा आणि वहीत खूण करा.

४. वेळ आणि जागा: जिला यायला सगळ्यात अवघड, तिला आधी विचारा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. वर्गाची वेळ आपल्या सोयीनं ठरवली की वर्गात आपल्यासारख्याच बायका येतात. मी दुपारी तीन का ठरवलं होतं? माझी भांडी तेव्हा आवरतात म्हणून.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. जिचं येणं सगळ्यात अवघड तिच्याकडं पहिल्यांदा गेले. ती रोजंदारीवर जाते, घरी दुभतं जनावर आहे, नवरा अंथरुणाला खिळलेला. ती म्हणाली, "धार काढून, भाकरी टाकून, रात्री साडेआठला मोकळी होते. पण रात्री देवळापर्यंत एकटी यायची नाही." झालं, वर्ग साडेआठला आणि तिच्याच ओसरीवर. बाकीच्या जणी कुरकुरल्या, मालिकेची वेळ म्हणून. आठवडाभरात मालिका सुटली.

जागेचंही तसंच. देवळात काही बायका महिन्यातले चार दिवस येत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हजेरीत खाडे दिसायचे आणि मी आळशीपणा समजायचे. शिवाय गावातल्या दोन घरांतल्या बायका देवळात अजिबात यायच्या नाहीत. त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायची गरज पडली नाही. अंगणवाडी, समाजमंदिर, शाळेचा वर्ग किंवा कुणाची ओसरी बघा, पण आधी विचारा: "इथं यायला कुणाला अडचण आहे का?" हे सगळ्यांसमोर नाही, एकेकीला विचारायचं.

तांड्यावर मी स्वतः शिकवायला गेले आणि आपटले. बायका आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. माझी मराठी त्यांना समजायची, पण 'आई'चा 'आ' काही त्यांच्या जिभेवर बसत नव्हता. मग तिथलीच अकरावीत शिकणारी एक मुलगी स्वयंसेवक झाली. तिनं पहिल्या दिवशी 'याडी' लिहून दाखवलं. याडी म्हणजे आई. 'य' त्यांना पहिल्या रात्रीत आला. स्वयंसेवक शक्यतो त्याच वस्तीतला घ्या, आणि आपण गावातून जाऊन उपकार करतोय या थाटात फिरू नका. (हे मी माझ्याबद्दलच बोलतेय.)

पुरुषांचा वर्ग वेगळा, पारावर, रात्री जेवणानंतर. त्याला वर्ग म्हणू नका. आमच्याकडं त्याचं नाव 'हिशोब' आहे. "हिशोबाला चला" म्हटलं की येतात.

मुरबाड तालुक्यात फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारीतल्या आज्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथंही वेळ दुपारची, घरकाम उरकल्यावरची. आज्यांना दुपार जमते, मजुरीवरच्या सुनांना जमत नाही. एका गावात दोन वेळा लागल्या तर दोन ठेवा.

५. गावाचं कॅलेंडर आधी, योजनेचं नंतर

आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते परत येतात मार्च संपता संपता, कधी अक्षय तृतीयेला. आता परीक्षेच्या तारखा बघा: २०२४ ला १७ मार्च, २०२५ ला २३ मार्च. ज्यांना या शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे ते त्या दिवशी सांगली-कोल्हापूरकडं फडात असतात. यात कुणाचा डाव नाही, कुणी विचारच केला नाही एवढंच.

आम्ही काढलेली वाट अशी. जून ते सप्टेंबर तोडकऱ्यांचा वर्ग, रोज, खाडा न करता. पावसामुळं रानातलं काम बंद असलं की दिवसाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आज्यांचा वर्ग, कारण त्या नातवंडं सांभाळायला गावातच राहतात. परीक्षेचं म्हणाल तर देशपातळीवर मार्च आणि सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा घ्यायची सोय आहे. त्या वर्षी आपल्याकडं कोणती होणार हे केंद्रप्रमुखांना जूनमध्येच विचारा, आणि "आमच्या गावातले इतके लोक मार्चला नसतात" हे आकड्यासकट लेखी द्या. तोंडी सांगितलेलं बैठकीपर्यंत पोचत नाही.

जाताना प्रत्येक जोडप्याला मी एक शंभरपानी वही आणि दोन पेन देते. अभ्यास करतील अशी आशा नसते, दिवसभर मोळ्या बांधून कोपीत (झोपडीत) आल्यावर कोण अभ्यास करणार? एवढंच सांगते: रोज तारीख, किती खेपा झाल्या आणि किती टन भरलं, एक ओळ लिहा. गेल्या वर्षी आठ वह्या दिल्या, तीन परत आल्या. एक तेलकट, एक भिजून फुगलेली. तिसरीत १०४ ओळी होत्या, शेवटच्या शेवटच्या तर आकडे एकाखाली एक नीट. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशोबात आणि तिच्यात दोन खेपांचा फरक निघाला. बरीच बोलाचाली होऊन एक खेप मान्य झाली.

६. शिकवताना

शाळेतून प्रवेशिका (अक्षरओळखीचं पुस्तक) मिळते, ती वापरा. त्याबद्दल मी जास्त सांगत नाही, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी. तीन गोष्टी मात्र सांगते.

पहिली, चष्मा. आमच्या आत्याबाई (माझ्या सासूबाई, आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात) वीस दिवस 'घ' आणि 'ध' मध्ये गोंधळल्या. मला वाटलं वयामुळं डोक्यात शिरत नाही. एकदा त्यांनी माझ्या आईचा चष्मा सहज डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या 'ध'ला तर गाठ आहे!" चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाचे डोळे पहिल्या आठवड्यात तपासून घ्या. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायचा दिवस ठरलेला असतो, एक जीप करून सगळ्यांना न्या. कितीतरी लोकांना 'डोकं नाही' म्हणून सोडून दिलं जातं, आणि नसतो फक्त चष्मा.

दुसरी, पहिला शब्द स्वतःचं नाव. क-ख-ग नंतर.

तिसरी, गणित उचलीपासून, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांपासून. 'रामूकडे पाच आंबे' यात कुणाला रस नाही. दर टनाला ३६६ धरला आणि दिवसाला २ टन भरलं, तर ७३२ रुपये झाले. ५०,००० उचल घेतली असेल तर ती फिटायला किती दिवस लागतील? याला सगळा पार माना वर करतो. बायकांना बचत गटाचं व्याज आणि गॅसच्या टाकीचे सुटे पैसे. लोकांना तोंडी हिशोब तुमच्यापेक्षा चांगला येतो, त्यांना फक्त तो कागदावर उतरवायचा आहे.

७. परीक्षा

परीक्षा १५० गुणांची. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. थोडक्यात अडलं तर तिन्ही भाग मिळून पाचपर्यंत वाढीव गुण देता येतात. वेळ तीन तास. सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात आपल्या सोयीनं येऊन बसता येतं. ही सोय बऱ्याच जणींना माहीतच नसते आणि 'दहाला जमणार नाही' म्हणून त्या घरी बसतात. दिव्यांगांना अर्धा तास जास्त मिळतो. नापास असा शिक्का नाही, 'सुधारणा आवश्यक' असं लिहून येतं आणि परत बसता येतं.

बरोबर न्यायचं: पेन, फोटो, ओळखपत्र, चष्मा. चष्मा दोनदा विचारा.

आता सगळ्यात मोठा सापळा. आकडा गाठायची घाई वरपासून खालपर्यंत असते. त्या घाईत सासूचा पेपर सून लिहिते, आजीचा नातू लिहितो, आणि सगळे चांगल्या मनानं लिहितात. मीही पहिल्या वर्षी एका म्हातारीची दोन उत्तरं 'सांगितली' होती. त्यानं काय होतं बघा: ती बाई कागदावर साक्षर होते, यादीतून नाव जातं आणि पुढच्या वर्षी तिला शिकवायला कुणी येत नाही. तिला 'सुधारणा आवश्यक' येऊ द्या. त्यामुळं तिचं नाव यादीत राहतं, आणि ते राहणंच तिच्या फायद्याचं आहे.

८. प्रमाणपत्र मिळाल्यावर

हे प्रमाणपत्र म्हणजे पाचवी पास नव्हे. पुढं शिकायचं असेल तर दोन रस्ते आहेत: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे स्तर, किंवा महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी, आठवी, दहावी, बारावी. सतरा नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून बसायचा) फॉर्म भरून थेट दहावी देता येते, पण त्याला पाचवी तरी झाल्याचा कागद लागतो. "एवढे पैसे द्या, डायरेक्ट दहावी करून देतो" म्हणणारा माणूस बाजारच्या दिवशी भेटतोच, त्याला चहासुद्धा पाजू नका.

९. कुणी नाही म्हणालं तर

क्रम असा: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी (योजना). प्रत्येक पायरीवर अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तांडा यादीत घ्या म्हणून आम्ही एका कार्यालयात तीन वेळा गेलो. "हद्द आमची नाही" हे उत्तर तीनदा मिळालं. मग ग्रामसभेत विषय घेतला, ठराव झाला, ठरावाची प्रत जोडून चौथ्यांदा गेलो. तेव्हा हद्द सापडली.

ठरावानंही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: अमुक गावाच्या, वस्तीनिहाय निरक्षरांच्या यादीची प्रत मिळावी. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात तक्रार लिहू नका, फक्त यादी मागा. यादी द्यायची म्हणजे आधी ती तयार असावी लागते.

अर्जाखालची सही तांड्यावरच्याच एखाद्या बाईची घ्या. आमच्या अर्जावर जिची सही होती तिला तेव्हा नावातली तीनच अक्षरं येत होती. तिनं तीनच लिहिली, आणि पोच घेताना कारकुनानं विचारलं तेव्हा म्हणाली, "चौथं पुढच्या आठवड्यात आहे."